बर्फाळ प्रदेशात परवडणारे ‘ऑल-सीझन’ टायर कसे निवडावेत : कॅनडात नव्याने आलेल्यांसाठी

कॅनडात नव्याने आलेले मराठी कुटुंब बहुधा उन्हाळ्यात गाडी घेते. वाहन परवाना, विम्याचे चढे हप्ते आणि घरभाडे यांची जुळवाजुळव करता करता सात-आठ वर्षे वापरलेली कोरोला किंवा सिव्हिक दारात येऊन उभी राहते. त्या घाईत इंजिन, गंज, पडलेले किलोमीटर असे सगळे पाहिले जाते. टायर मात्र ‘गोल आहेत, हवा आहे’ एवढ्यावर पास होतात. पुढे पहिला बर्फ साचतो, चौकातल्या लाल दिव्यापाशी ब्रेक दाबूनही गाडी चार हात पुढे घसरत जाते, आणि मग दुसऱ्या दिवशी अर्धे शहर टायरच्या दुकानासमोर रांगेत उभे असताना आपणही त्या रांगेत जाऊन मिळेल तो टायर मिळेल त्या भावाने घेतो. ही वेळ येऊ नये म्हणून खालील तपासणी सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. हे लिखाण मुख्यतः दक्षिण ओंटारिओतील परिस्थिती धरून केले आहे. जिथे इतर प्रांतांचे नियम वेगळे आहेत तिथे तसे सांगितले आहे.

आधी नावाचा घोटाळा सोडवावा

‘ऑल-सीझन’ म्हणजे सर्व ऋतूंचा टायर, असा अर्थ आपण सरळ मनाने घेतो. उत्तर अमेरिकेच्या बाजारात मात्र या नावाचा टायर उन्हाळा, पाऊस आणि हलकी थंडी यांच्यासाठी बनवलेला असतो. टोरोंटोच्या जानेवारीचा त्यात फारसा विचार नसतो. त्याचे कारण रबरात आहे. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटलीतले खोबरेल तेल थिजते आणि शेजारच्या बरणीतले शेंगदाणा तेल पातळच राहते. दोन्ही तेलेच, पण थिजण्याचे तापमान निराळे. रबराच्या मिश्रणांचेही तसेच असते. नेहमीच्या ऑल-सीझन टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात ते रुतत नाही आणि पकड कमी होते. म्हणजे बर्फ पडायच्या आधीच, कोरड्या पण थंड रस्त्यावरही, गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ लागते. हिवाळी टायरचे रबर याउलट कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते, मात्र जुलैच्या तापलेल्या डांबरावर ते झपाट्याने झिजते.

या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार आहे आणि कमी खर्चात वर्ष काढू पाहणाऱ्या नवागताने खरे तर त्याचाच विचार करावा. त्याला इथे ‘ऑल-वेदर’ म्हणतात. नाव इतके जुळते आहे की दुकानातही गफलत होते. ‘ऑल-सीझन’ आणि ‘ऑल-वेदर’ हे एकच असे समजून पैसे भरणारे पुष्कळ आहेत. ऑल-वेदर टायर वर्षभर गाडीवर ठेवता येतो, त्याचे रबर थंडीत तुलनेने मऊ राहते आणि त्याच्या रस्त्याला टेकणाऱ्या रबरी ठोकळ्यांवर बारीक चिरा जास्त असतात. या चिरांच्या कडा बर्फाला धरतात, आणि खाचांमध्ये दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला चिकटतो. बर्फावर बर्फाची पकड रबरापेक्षा चांगली बसते, म्हणूनच खाच बर्फाने भरली की ती निकामी झाली असे समजू नये.

घोटाळ्यात भर म्हणजे युरोपात ज्याला ऑल-सीझन म्हणतात तो बहुधा इथला ऑल-वेदर असतो. त्यामुळे जर्मनीतल्या मित्राने ‘आम्ही ऑल-सीझनवर निभावतो’ असे सांगितले तर त्याचे खरे मानावे, पण त्याच नावाचा टायर मिसिसागात डोळे मिटून घेऊ नये. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत डोंगर-हिमकणाची खूण (ती कोणती, ते पुढे येते) नसलेला टायर चालत नाही, त्यामुळे तिथला ऑल-सीझन ती खूण असलेलाच घ्यावा लागतो.

नाव सोडून खूण वाचावी

टायरच्या बाजूवर दोन प्रकारच्या खुणा असतात. पहिली ‘एम+एस’ ही अक्षरे, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण केवळ खाचांच्या रचनेवरून दिली जाते. तो टायर बर्फावर चालवून पाहण्याची अट तिच्यामागे नाही. साध्या ऑल-सीझन टायरवर बहुधा एवढीच खूण असते. दुसरी खूण तीन शिखरांच्या डोंगराची, ज्याच्या पोटात हिमकण कोरलेला असतो. ही खूण १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झाली आणि ती मिळवण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत ठरावीक संदर्भ टायरपेक्षा निश्चित प्रमाणात अधिक पकड दाखवावी लागते. दुकानदार काहीही म्हणो, खाली वाकून ही खूण स्वतः पाहावी.

पण खुणेलाही मर्यादा आहे, आणि ती जाहिरातीत सांगितली जात नाही. ती चाचणी मुख्यतः बर्फावर गाडी पुढे खेचण्याच्या पकडीची असते. ब्रेक, वळण किंवा काचेसारख्या गोठलेल्या थरावरची पकड तीत मोजली जात नाही. त्यामुळे हिमकणाची खूण असलेला ऑल-वेदर टायर साध्या ऑल-सीझनपेक्षा बर्फावर स्पष्टपणे सरस असला, तरी तो खास हिवाळी टायरच्या बरोबरीचा मानू नये. शून्याच्या आसपास, जेव्हा गोठलेल्या थरावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तेव्हा हा फरक विशेष जाणवतो.

आपले शहर, आपली वेळ आणि आपला प्रांत

टोरोंटो, मिसिसागा, ओकव्हिल या पट्ट्यात मोठे रस्ते लवकर साफ होतात आणि मीठ सढळ हाताने टाकले जाते. इथे शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला चांगला ऑल-वेदर टायर पुरतो, असे माझे मत आहे. बॅरी किंवा ओंटारिओतल्याच लंडनच्या आसपास मात्र सरोवरावरून येणारा बर्फ थोड्या वेळात फार पडतो, आणि सडबरी, थंडर बे, विनिपेग, एडमंटन या ठिकाणी थंडीच निराळ्या जातीची असते. तिथे हिवाळी टायरला पर्याय शोधू नये. शहराइतकाच वेळेचाही विचार करावा. नव्याने आलेल्या अनेकांची पहिली नोकरी गोदामात किंवा कारखान्यात, पहाटेच्या पाळीची असते. चार-साडेचार वाजता वस्तीतल्या अंतर्गत रस्त्यावरचा बर्फ काढलेला नसतो, आणि ‘टोरोंटोत रस्ते साफ असतात’ हे वाक्य नऊ वाजता निघणाऱ्यांचे आहे हे त्या वेळी कळते. अशांनी एकाच शहरात राहूनही हिवाळी टायरकडे झुकावे.

कायदा प्रांतागणिक बदलतो. क्वेबेकमध्ये नोंदलेल्या प्रवासी गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. हिमकणाची खूण असलेला ऑल-वेदर टायर त्या अटीत बसतो, केवळ एम+एस असलेला बसत नाही. ओंटारिओतून माँट्रियलला नोकरीनिमित्त स्थलांतर करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. ब्रिटिश कोलंबियात ठरवून दिलेल्या डोंगरी मार्गांवर १ ऑक्टोबरपासून एम+एस किंवा हिमकणाची खूण असलेले आणि खाचांची किमान ३.५ मिलिमीटर खोली उरलेले टायर लागतात. ही मुदत काही मार्गांवर ३१ मार्चपर्यंत, तर घाटवाटांवर ३० एप्रिलपर्यंत असते. ओंटारिओत अशी सक्ती नाही, पण १ जानेवारी २०१६ पासून तिथल्या वाहन विमा कंपन्यांना हिवाळी टायरसाठी सवलत द्यावी लागते. ऑल-वेदर टायरला ती मिळते की नाही हे कंपनीनुसार ठरते. म्हणून टायर घेण्याआधी विमा कंपनीला विचारून लेखी उत्तर घ्यावे आणि पावती जपून ठेवावी.

‘आमची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, आम्हाला काय गरज’ हे वाक्य दर वर्षी ऐकू येते. चारही चाकांना इंजिनची ताकद मिळाल्याने गाडी बर्फातून निघते लवकर. थांबताना मात्र प्रत्येक गाडी चारही चाकांवरच थांबते, आणि तिथे टायरशिवाय दुसरे काही मदतीला येत नाही.

टायरवरचे आकडे

चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडल्यावर चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली दिसते. तिच्यावर गाडीसाठी ठरवलेला टायरचा आकार आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. सध्या गाडीवर असलेला टायर पाहून आकार ठरवू नये, कारण आधीच्या मालकाने हौसेने मोठ्या रिम बसवलेल्या असू शकतात. उदाहरणार्थ, २०५/५५ आर१६ ९१एच हा आकार घेऊ. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी, १६ हा रिमचा इंचातला व्यास, ९१ हा वजनाचा निर्देशांक म्हणजे एका टायरवर ६१५ किलोग्रॅम, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. वजनाचा निर्देशांक ठरवलेल्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. वर्षभर वापरायच्या टायरचा वेगाचा निर्देशांकही खाली आणू नये, कारण तो केवळ वेगाशी नव्हे, तर टायरच्या बांधणीशी आणि उष्णता सोसण्याशीही निगडित असतो.

परवडण्याच्या दृष्टीने इथे एक गोष्ट उपयोगी आहे. एकाच मॉडेलच्या गाडीला प्रकारानुसार १५, १६ किंवा १७ इंची रिम येतात आणि व्यास वाढला की टायरची किंमत साधारणतः वाढते. गाडी अजून घ्यायची असेल, तर लहान रिमचा साधा प्रकार पुढच्या प्रत्येक टायरखरेदीत पैसे वाचवतो.

मग टायर तयार झाल्याची तारीख पाहावी. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात; ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. टायर न वापरताही रबर म्हातारे होते, म्हणून मोठ्या सवलतीत मिळणारा टायर तीन-चार वर्षे गोदामात पडून होता का, हे यावरून कळते. ही ओळ कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला येते. तेव्हा टायर बसवण्यापूर्वीच ती दाखवायला सांगावे.

उत्तर अमेरिकेच्या टायरवर झिजेचा एक अंकही छापलेला असतो. ४०० पेक्षा ७०० चा टायर अधिक टिकाऊ, असा त्याचा ढोबळ अर्थ आहे. पण तो अंक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करण्यापुरताच त्यावर विश्वास ठेवावा. शेजारी दिसणारी ‘ए’, ‘एए’ ही पकडीची श्रेणी ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकची असते. बर्फाशी तिचा काही संबंध नाही, हे विक्रेत्याने अभिमानाने दाखवली तरी लक्षात ठेवावे.

स्वस्त कशाला म्हणावे

एका टायरची छापील किंमत हा हिशोबाचा फक्त पहिला आकडा असतो. तिच्यावर बसवणे, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह, पर्यावरण शुल्क आणि ओंटारिओत १३ टक्के एचएसटी हा विक्रीकर चढतो. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारावा : चारही टायर बसवून, सर्व कर धरून, दाराबाहेर पडताना एकूण किती? काही मोठ्या दुकानांत बसवण्याचा खर्च किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे टायरमागे दहा डॉलर महाग वाटणारे दुकान शेवटी स्वस्त ठरू शकते.

केवळ पद्धत समजावी म्हणून काही आकडे गृहीत धरू. प्रत्यक्ष भाव आकार आणि हंगामाप्रमाणे बदलतील. समजा, ऑल-वेदर टायर १६० डॉलरचा आहे आणि बसवण्याचे चार टायरांचे १०० डॉलर. एकूण ७४०, करासह सुमारे ८३६. दुसरा मार्ग दोन संचांचा : १२० डॉलरचे चार ऑल-सीझन, १४० डॉलरचे चार हिवाळी, हिवाळी टायरसाठी ८० डॉलरच्या चार लोखंडी रिम आणि दोन्ही संच बसवण्याचे २०० डॉलर, करासह हे सुमारे १,७६३ होतात. शिवाय वर्षातून दोनदा चाके बदलण्याचे करासह ११३ डॉलर धरू.

आता वर्षांनी भागायचे, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. ऑल-वेदर टायरची हमी लाखभर किलोमीटरच्या आसपास लिहिलेली असू शकते. पण नव्या टायरची खोली सुमारे ८ मिलिमीटर असते, आणि ४ मिलिमीटरच्या जवळ आलेला टायर बर्फात वापरू नये असा कॅनडाच्या परिवहन खात्याचा सल्ला आहे. खाचेतल्या झीजदर्शक पट्ट्या १.६ मिलिमीटरवर उघड्या पडतात, ती मर्यादा बर्फासाठी नव्हे. म्हणजे टायर कायद्याने चांगला असताना त्याचा हिवाळा संपलेला असतो. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्याने चार हिवाळे धरावेत. वर्षाचा खर्च २०९ डॉलर येतो. दोन संच एकमेकांचा भार वाटून घेतात, म्हणून ते सात वर्षे धरू. वर्षाला २५२, आणि चाके बदलण्याचे धरून ३६५. घरी जॅक लावून स्वतः चाके बदलणाऱ्याला हा फरक फार मोठा राहत नाही.

या हिशोबातून माझा निष्कर्ष असा : भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या, चार टायर ठेवायला जागा नसलेल्या आणि बेताचे चालवणाऱ्या कुटुंबाला ऑल-वेदर खरोखर स्वस्त पडतो. गॅरेज असलेल्या आणि वर्षाला २५,००० किलोमीटर कापणाऱ्याने दोन संच घ्यावेत. चाके स्वतः बदलली तर पैशांत फार फरक पडत नाही आणि जानेवारीत पकड चांगली मिळते. बाल्कनीत टायर रचून ठेवण्याचा आपला देशी उपाय बहुतेक इमारतींच्या नियमांत बसत नाही, आणि दुकानात ठेवायला दिले तर त्याचे भाडे पडते.

ब्रँडच्या बाबतीत मधल्या किमतीचा पट्टा पाहावा. कुम्होचा सोलस फोर-एस, हँकूकचा कायनर्जी फोर-एस-टू, जनरलचा अल्टिमॅक्स ३६५-एडब्ल्यू, टोयोचा सेल्सियस हे हिमकणाची खूण असलेले टायर आहेत. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट-टू आणि नोकियनचे टायर नावाजलेले, पण साधारणतः महाग. व्रेडेस्टाइन हे डच नाव दिसले तर बिचकू नये : ती कंपनी २००९ पासून आपल्या अपोलो टायर्सकडे आहे आणि तिचा क्वाट्रॅक हा या प्रकारातला जुना टायर आहे. नाव कधी ऐकलेले नाही, खूण नाही आणि भाव मात्र निम्मा, असा टायर बर्फासाठी घेऊ नये. त्यापेक्षा वसंत ऋतूत, लोक गाड्या विकताना रिमसह काढून ठेवलेला वापरलेला हिवाळी संच शोधावा. तारीख, चारही टायरांवरची खोली, एका कडेने जास्त झीज आणि बाजूवरचे फुगवटे तपासून तो घेतला तर पैसे सार्थकी लागतात. खोली मोजण्याचे छोटे मापक काही डॉलरला मिळते. अंदाजापेक्षा ते बरे.

चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. पैशांची अगदीच ओढ असेल आणि आत्ता दोनच बदलणे शक्य असेल, तर ते आधीच्या जोडीशी जुळणारे घेऊन मागच्या चाकांवर लावावेत, इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीतसुद्धा. मागची चाके घसरली की गाडी फिरते, आणि ती फिरायला लागल्यावर सावरणे नवख्याच्या हातात राहत नाही.

बसवून झाल्यावर

चाके काढून लावल्यानंतर साधारण ८० ते १०० किलोमीटर चालवून झाल्यावर नट ठरावीक जोराने पुन्हा आवळून घ्यावेत. बहुतेक दुकाने हे काम फुकट करतात, फक्त आपण परत जावे लागते. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला पुढच्या-मागच्या टायरांची आपसांत अदलाबदल करून त्याच्या पावत्या ठेवाव्यात, कारण हमीचा दावा करताना त्या मागितल्या जातात.

हवेकडे मात्र इथे अधिक लक्ष द्यावे लागते. महाराष्ट्रात पेट्रोल पंपावर मुलगा हवा तपासून देतो, इथे यंत्रात नाणे टाकून थंडीत स्वतः वाकावे लागते, त्यामुळे काम टळत जाते. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो. सप्टेंबरात २० अंशांवर ३३ पीएसआय भरलेला टायर उणे १० च्या सकाळी २७-२८ वर आलेला असतो, आणि डॅशबोर्डवरचा इशारा दिवा बऱ्याच गाड्यांत दाब पाव हिश्शाने घटल्यावर, म्हणजे २५ च्या आसपास, लागतो. दिवा लागला नाही म्हणजे हवा ठीक, असे समजू नये. महिन्यातून एकदा, गाडी किमान तीन तास उभी असताना, दरवाजाच्या पट्टीवरचा दाब भरावा. तो बहुधा किलोपास्कलमध्ये असतो, २२० म्हणजे ३२ पीएसआय आणि २४० म्हणजे ३५. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा आहे, तेवढी हवा भरू नये.